कायझर्सलाउटर्नचं सीलबंद कपाट

जर्मनीला जाऊन आले म्हटलं की आपली माणसं ठरलेलेच प्रश्न विचारतात. राजवाडा पाहिला का, नदीतून बोटीने गेलात का, चॉकलेटं आणलीत का. मी कपाट पाहून आले. लोखंडी, राखाडी, छातीइतकं उंच आणि बंद. इंग्लंड आणि युरोप दोन्हीकडची मिळून डझनभर शहाणी माणसं आठवडाभर त्या कपाटावर भांडली आणि त्यांच्यात मीही होते, म्हणून हे लिहिते आहे. न गेलेल्यांनी फार हळहळू नये.

आधी माझं सांगते. मी मूळची ठाण्याची, लग्न होऊन इंग्लंडला आले आणि तिथल्या सरकारी खात्यात लागले. कारखान्यांतला नि प्रयोगशाळांतला अणुपदार्थ वीज आणि विज्ञान सोडून भलतीकडे, म्हणजे बॉम्बकडे, जात नाही ना, यावर नजर ठेवायची, हे माझं काम. युरोपातल्या देशांचा यासाठी एक सामाईक करार आहे. इंग्लंड त्यात होतं तोवर सगळं सुरळीत होतं. मग इंग्लंडला स्वाभिमानाचा झटका आला. एकत्र कुटुंबातला थोरला ताडताड बाहेर पडतो, माझं मी बघून घेईन म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साखर मागायला वाटी घेऊन त्याच दारात उभा राहतो, तसं झालं. अणुपदार्थाचा कण हलवायचा तरी आता प्रत्येकाशी नव्याने करार. बाहेर पडा असं मी कुणाला म्हटलं नव्हतं, पण वाटी धरायला सरकारने मलाच पाठवलं.

जाताना

आमचा म्होरक्या रॉजर. उंच, गुळगुळीत, दर वाक्याआधी "अर्थातच" म्हणणारा. फ्रँकफुर्टहून आम्ही पॅरिसच्या गाडीत बसलो, कारण ती वाटेत कायझर्सलाउटर्नला थांबते. जर्मन गाड्या घड्याळ लावून धावतात असं आपल्याकडे अजून सांगतात. सांगणाऱ्याला एकदा त्या फलाटावर नेऊन बसवायला हवं. गाडी इतकी उशिरा पोचली की उतरायच्या घाईत रॉजरची बॅग आतच राहिली आणि पुढे फ्रान्सला गेली. कुठल्याही कराराशिवाय सरहद्द ओलांडणारी आमच्या शिष्टमंडळातली ती पहिली वस्तू. सूट, टाय, बूट सगळं तिच्यात. मग स्टेशनाजवळच्या दुकानातून घेतलेला भडक लाल स्वेटर घालून या गृहस्थांनी आठवडाभर आपल्या देशाची बाजू मांडली.

गाव डोंगराळ, जंगलाच्या कुशीत. ऑक्टोबर होता, चेस्टनट पिकून रस्त्याकडेला पडत होते आणि गावातल्या म्हाताऱ्या बायका वाकून ते पिशवीत भरत होत्या. तेवढं एक दृश्य मला आपलं वाटलं. आम्हाला जायचं होतं ती संशोधन संस्था गावाबाहेर, झाडीत. तिचं नाव सांगत नाही. माझी पेन्शन अजून सुरू व्हायची आहे.

सोमवार: कपाटाशी ओळख

ते कपाट संस्थेच्या तळघरात. आत इंग्लंडहून प्रयोगासाठी फार पूर्वी आलेला आणि आता परत न्यायचा अणुपदार्थ, सगळा मिळून करंगळीच्या नखाएवढा. इंग्लंड बाहेर पडलं त्या सुमारास करारवाल्यांनी येऊन आतला फोटो घेतला, दार लावलं आणि त्याला सील ठोकलं. नवा करार होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. आता नवा करार करायचा तर आत काय आहे यावर दोघांचं एकमत हवं. एकमत व्हायचं तर कपाट उघडायला हवं. आणि कपाट उघडायचं तर नवा करार हवा. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, ही म्हण मी रॉजरला इंग्रजीत समजावून सांगितली. तो म्हणाला, अर्थातच, आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं.

समोरच्या बाजूला युरोपच्या करारवाल्यांतर्फे फ्राऊ लिंडनर. बारीक केस, बारीक चष्मा, आवाजही बारीक आणि स्वल्पविराम हलला तरी बैठक थांबवणार. त्यांच्या शेजारी संस्थेतले प्रोफेसर क्राउस, कपाटाचे यजमान. गोरेपान, हसरे, चर्चेत तोंड उघडायचं ते फक्त "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणायला. दोन्ही बाजूंना गेनाऊ म्हणत होते, हे माझ्या पहिल्याच तासात लक्षात आलं.

जेवणाला कॅन्टीनमध्ये डाम्फनुडेल. नाव मोठं, पण आहे तो वाफवलेला फुगीर पाव. बुडाला खारट, करपलेली खपली, आणि त्याच्यासोबत बटाट्याचं सूप. लाल स्वेटरने नाक मुरडलं. मला आवडलं. पुरणपोळीबरोबर कटाची आमटी ओरपणाऱ्यांनी असल्या जोडीला नावं ठेवू नयेत.

तिथेच एक मुलगी माझ्या ताटाशी येऊन उभी राहिली. "काकू, तुम्ही मराठी ना? तुम्ही फोनवर बोलत होता ते ऐकलं मी." ही केतकी. मिरजेची, प्रोफेसर क्राउसच्या हाताखाली पीएच.डी. करणारी. आठवडाभर मराठी बोलायला कुणी मिळणार नाही असं धरून आलेली मी लगेच विरघळले आणि संध्याकाळी तिच्या खोलीवर आमटी-भात खायला गेले.

खोली म्हणजे पलंग, टेबल नि शेगडी, आणि त्याचं भाडं ऐकून मी आमटी जरा कमीच घेतली. जेवताना तिच्या आईचा व्हिडिओ कॉल आला. माझी ओळख झाली, माझं माहेर विचारून झालं, आणि मग माऊलीने मला वकील नेमलं.

"ताई, तुम्ही तरी सांगा हो हिला. बारशाचा डबा घेऊन गेली इथून, माझ्या मोठ्या बहिणीने दिलेला. बहीण गेली आता. येताना डबा परत आण म्हटलं की विषय बदलते."

"आई, आहे गं डबा," केतकी म्हणाली. "लॅबमध्ये आहे."

"लॅबमध्ये काय करतोय तो?"

केतकीने खरंच विषय बदलला. फोन ठेवल्यावर भात चिवडत बसली. मला वाटलं, हरवला असेल. आपल्याकडे डबा हरवलेली मुलगी आणि अब्रू गेलेली मुलगी यांत आया फारसा फरक करत नाहीत.

मंगळवार: तिसऱ्या देशाचा माल

दुसऱ्या दिवशी फ्राऊ लिंडनरनी तो फोटो पडद्यावर लावला आणि एकेका वस्तूवर काठी ठेवत गेल्या. ही कुपी, ती नळी, हा शिशाचा ठोकळा. खालच्या फळीच्या कोपऱ्यात काठी थांबली. गोल, चकचकीत, घट्ट झाकणाचं काहीतरी. यादीत नाही. झाकणावर कोरीव अक्षरं.

"अनोळखी धातूपात्र," फ्राऊ लिंडनर म्हणाल्या. "लिपी अपरिचित. हा तिसऱ्या देशाचा माल असू शकतो. तसं असेल तर त्या देशाशी सल्लामसलत झाल्याशिवाय पुढे जाता येणार नाही."

रॉजरने हळूच विचारलं, अरबी तर नाही ना. मी पडद्याकडे बघत होते. तो स्टेनलेस स्टीलचा लाडवांचा डबा होता. ते झाकण, ती कड, दुकानदाराने यंत्राने ठिपके ठिपके करत घातलेलं ते नाव. आपल्या घरातलं कुठलंही भांडं पालथं करा, असंच कुणाचं तरी नाव निघेल. पुढचं मागचं अंधूक होतं, पण मधलं "केतकी" मला टेबलाच्या या टोकावरून वाचता येत होतं.

"नंदा, ही तुमच्याकडची लिपी वाटते का?" रॉजरने विचारलं.

मी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "फोटो स्पष्ट नाही. मोठा करून द्या, मग सांगते."

मोठा फोटो मुख्य कचेरीतून मागवावा लागेल, गुरुवारपर्यंत येईल, असं फ्राऊ लिंडनर म्हणाल्या. एक फोटो मोठा करायला दोन दिवस लावणारी यंत्रणा त्या दिवशी मला फार प्रिय झाली. मी प्रोफेसर क्राउसकडे पाहिलं. ते आपल्या पेनाचं टोपण उघडत होते, लावत होते.

संध्याकाळी केतकीला गाठलं. दार उघडताच ती म्हणाली, "कळलं ना तुम्हाला?" आणि रडायलाच लागली. मी आधी रडू दिलं, मग रागावले.

हकिकत अशी. तिच्या प्रयोगाला पोलादाच्या छोट्या चकत्या होत्या, दोन वर्षं मोजमाप करून तयार केलेल्या. त्या तळघरातल्या कपाटात ठेवायला घट्ट झाकणाची, गंज न चढणारी डबी हवी होती.

"सर म्हणाले, बेश्टेलुंग, म्हणजे ऑर्डर, टाकली तर चार महिने जातील. आल्झो, तेव्हा घरातलं काही असेल तर आण. मी त्यांना दिवाळीत शंकरपाळे दिले होते ना ह्या डब्यातून, तेव्हाच त्यांना झाकण आवडलं होतं. घासून, धुऊन, उकळून नेला मी. नंतर खाण्याचं काही ठेवलं नाही त्यात. आणि मग एका सकाळी बघते तर कपाटाला सील."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"घरचं भांडं आत न्यायची परवानगीच नाही, काकू. बोलले तर काढूनच टाकतील. नाही बोलले तर चकत्या आत. चकत्या नाहीत तर थीसिस नाही. माझा फेरट्राग, नोकरीचा करार, डिसेंबरात संपतो, आणि त्याच्यावर व्हिसा आहे. सर म्हणाले, गप्प राहा, करार होईल तेव्हा बघू."

म्हणजे दोन वर्षांचं काम आणि तिचा इथला मुक्काम, दोन्ही त्या डब्यात. आणि डब्याला ज्यांनी आत बोलावलं ते सर पेनाचं टोपण लावत बसले होते.

"तुझे सर म्हणजे अगदी नामानिराळे गं," मी म्हणाले. तिने मान खाली घातली. दोष सरांचा आणि लाज हिला, ही आपल्या मुलींची जुनी खोड आहे, मिरजेहून नेली काय नि पुण्याहून नेली काय.

बुधवार: एकाच ग्लासातून

बुधवारी दुपारी संस्थेने पाहुण्यांना जंगलात फिरायला नेलं. जंगल मात्र सुरेख, उगाच नावं ठेवणार नाही. लालसर वाळूचे खडक, त्यांच्यावर शेवाळ, पायांखाली पानांचा जाड थर, आणि दर वळणावर पाटी. कुठे जायचं, किती वेळ लागेल, कुत्रा कसा धरायचा. जर्मन माणसाला जंगलात हरवायचीसुद्धा मुभा नाही.

वर एक लाकडी खोपटं. तिथे काळा पाव, कांदा घातलेलं पांढरं मऊ चीज, कांद्याचा केक आणि वाइनमध्ये सोडा घालून केलेली शोर्ले. ती येते ती अर्ध्या लिटरच्या, खळगे असलेल्या मोठ्या ग्लासात, आणि तो एकच ग्लास टेबलभर फिरतो. एकाने घोट घ्यायचा, शेजाऱ्याकडे सरकवायचा. इथली ही रीतच आहे, नाही म्हटलं तर राग येतो. ठाण्याच्या आमच्या घरी भावंडांचं उष्टं पाणी प्यायलो तरी आजी ओरडायची. सकाळभर "उभय पक्षांतील विश्वासाचा अभाव" यावर बोललेल्या फ्राऊ लिंडनर रॉजरचं उष्टं सुखाने पीत होत्या. एका सीलवर ज्यांचं जमत नाही त्यांचं एका ग्लासावर जमतं. ग्लास माझ्याकडे आला तेव्हा मी सोडा मागवला.

प्रोफेसर क्राउस जरा लांब, कठड्यापाशी दरी पाहत उभे होते. मी गेले.

"तुम्हाला शंकरपाळे आवडले होते म्हणे," मी म्हणाले.

त्यांचं हसू तोंडावर तसंच राहिलं, डोळ्यांतून गेलं.

"उद्या मोठा फोटो येणार," मी म्हणाले. "मला अक्षरं वाचायला सांगतील. मी सरकारी नोकर आहे, खोटं वाचणार नाही. नाव वाचीन. मग हे नाव कुणाच्या परवानगीने तळघरात आलं, असं कुणीतरी विचारील. ते विचारणारी मीच असेन. त्याआधी तुम्ही बोललात तर मला काही वाचावं लागणार नाही."

"फ्राऊ नंदा, ही गोष्ट गुंतागुंतीची आहे."

"अजिबात नाही. डबी मागवायला चार महिने लागतात म्हणून तुम्ही मुलीच्या घरचा डबा मागितलात. हे एक वाक्य आहे. मी तुम्हाला ते जर्मनमध्येही लिहून देते."

"माझ्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत," ते म्हणाले.

"तिच्या नोकरीला दोन महिने."

"गेनाऊ," ते पुटपुटले. कुणाच्या बाजूने, ते तेव्हा कळलं नाही.

गुरुवार, शुक्रवार: घरगुती भांडं

गुरुवारी फ्राऊ लिंडनरनी मोठा फोटो लावायला घेतला आणि प्रोफेसर क्राउस उठून उभे राहिले. कान लाल झाले होते. म्हणाले, पात्र माझ्या सांगण्यावरून आत आलं, त्यात माझ्या विद्यार्थिनीचे नमुने आहेत, नोंद करायला हवी होती ती मी केली नाही, तिचा दोष नाही. बसले आणि पाणी प्यायले. माणूस भित्रा, पण शेवटी बोलला. माझ्या कौतुकाची मजल तेवढ्यावरच थांबते.

आता सुटलो असं मला वाटलं. माझाच गाढवपणा. इतका वेळ एक अनोळखी वस्तू होती, आता तिला नाव द्यायचं होतं. "अणुपदार्थ नसलेलं घरगुती भांडं" असं फ्राऊ लिंडनरनी सुचवलं. "घरगुती" या शब्दाने इंग्लंडची प्रतिष्ठा कमी होते, असं लाल स्वेटरचं म्हणणं. भांड्याच्या व्याख्येत झाकण येतं की नाही यावर सबंध सकाळ गेली. मी खिडकीतून चेस्टनट मोजत बसले. शेवटी परिशिष्टात एक ओळ वाढली, मसुद्यावर दोघांच्या आद्याक्षरी सह्या झाल्या आणि शुक्रवारी सगळे तळघरात उतरलो.

सील तोडलं. केतकी दाराशी पांढरा कोट घालून उभी होती, हात मागे घट्ट धरून. डबा बाहेर आला. आता झाकणावरची अक्षरं अख्खी दिसत होती: चि. केतकीच्या बारशानिमित्त, मोठ्या मावशीकडून. आत जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळलेल्या चकत्या, एकही डाग नाही. तपासून त्या केतकीच्या हातात दिल्या. ती हसली, आणि मला पहिल्यांदा वाटलं की या प्रवासात काहीतरी झालं.

"आणि डबा?" मी विचारलं.

किरणोत्सर्ग तपासणाऱ्या गृहस्थांनी यंत्र फिरवलं. डबा स्वच्छ होता.

"मग द्या."

"देता येणार नाही," ते अगदी सौम्यपणे म्हणाले. "चकत्या प्रयोगाच्या नोंदीत आहेत. ही वस्तू आत आल्याची नोंद नाही. जी आत आलीच नाही, ती बाहेर कशी सोडणार?"

"पण आत्ता तुमच्या हातात आहे ती."

"हो. म्हणून कचऱ्यात जाईल." आणि त्यांनी पिवळ्या पिंपाकडे बोट केलं. त्या पिंपातली वस्तू सिमेंट ओतून बंद होते आणि पृथ्वी असेतोवर सांभाळली जाते. माझा आवाज चढला. मी फ्राऊ लिंडनरकडे गेले, त्यांनी परिशिष्टातली ओळ दाखवली: भांड्याचं अस्तित्व मान्य, हस्तांतराचा उल्लेख नाही. रॉजर म्हणाला, जाऊ दे नंदा, पत्र्याचा डबाच तर आहे. तीन दिवसांपूर्वी हाच पत्र्याचा डबा त्याला अरबी वाटला होता.

"राहू दे, काकू," केतकी मला म्हणाली. "चकत्या मिळाल्या ना." तिने साडीचा तुकडा मागितला. तोही पिंपात गेला. झाकण घट्ट बसतं ते खरं. पिंपात पडलं तरी उघडलं नाही.

आल्यावर

करार झाला. रॉजरची बॅग पॅरिसहून परत आली, तिला कुणी काही विचारलं नाही. केतकीने डिसेंबरात प्रबंध दिला, आता म्युनिकला नोकरी शोधते आहे.

परवा तिच्या आईचा फोन आला. "ताई, ती सांगते डबा लॅबमध्येच राहिला. तुमची सरकारात ओळख आहे ना, बघा हो जरा. माझ्या बहिणीने नाव घालून दिलेला होता, कुणी आपला म्हणणार नाही."

मी बघते म्हणाले. इंग्लंड-युरोपच्या अणुकरारांची कलमं मला तोंडपाठ आहेत, आणि त्या बाईला द्यायला तेवढा एकच शब्द सुचला. इंग्लंडचा नखाएवढा पदार्थ मुळात कुणाचा यावर दोन्ही बाजू अजून पत्रं लिहिताहेत, तरी तो सन्मानाने घरी पोचला. त्या अख्ख्या कपाटात मालकाचं नाव स्पष्ट लिहिलेली वस्तू एकच होती, आणि तेवढीच कुणी परत केली नाही.